गुळवेल, बिब्बा आणि कसोटी

(परभणी येथे वैद्य व शेतकरी बांधवांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर, वृत्तपत्रात लेखणी झिजवणारा माणूस. औषधशास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु प्रश्न विचारणे हा माझा व्यवसायच आहे आणि आजचा प्रश्न आपल्या घरातला आहे.

आपल्याकडे बिब्बा कोणाला ठाऊक नाही? तो उततो, अंगावर फोड आणतो, हे आपल्या आज्यांना पुरते माहीत होते. म्हणूनच वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळवून, शुद्ध करूनच औषधात घेत. हा शोधनविधी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसोटीतून जन्मला. नीट न जाणलेले औषध विषासमान, असे चरकाचार्यांनीही बजावले आहे. आजचा औषध कायदाही बिब्ब्याला विषारी द्रव्यांच्या यादीत ठेवतो.

आता गुळवेल पाहा. करोनाच्या काळात बांधावरच्या कडुनिंबावरून ती घरोघरी पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. घेतलेल्या वनस्पतीची ओळखच तपासलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेतच. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा वेळी संतापून काय साधणार? उत्तर प्रयोगशाळेतूनच द्यावे लागेल.

त्यासाठी काय करावे लागते? प्रथम वनस्पतीची अचूक ओळख. मग शिसे, पारा, आर्सेनिक, बुरशी आणि कीटकनाशकांचे अंश यांची तपासणी. कापसावर फवारणी झाली की बांधावरची वेल त्यातून सुटत नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे! त्यानंतर प्राण्यांवर कमी-अधिक मात्रेचे प्रयोग, यकृत-मूत्रपिंडांची पाहणी आणि शेवटी माणसांवर देखरेखीखालील चाचणी.

‘आजोबा काढा घेत, त्यांना काही झाले नाही’, असे आपण म्हणतो. पण आजोबांचा काढा पाण्यातला होता, मात्रा वैद्यांनी ठरवलेली होती. दुसऱ्या द्रावकात काढलेला घट्ट अर्क हे वेगळेच द्रव्य होय. पाण्यात न उतरणारे घटक त्यात उतरतात. म्हणूनच २०१० मध्ये आलेल्या नियमाने पाणी किंवा पाणी-अल्कोहोल सोडून अन्य द्रावकाने काढलेल्या अर्कासाठी सुरक्षिततेचे प्रयोग आवश्यक ठरविले.

हळदीचा लढा आठवा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. तो विजय लेखी पुराव्याचा होता. नुसत्या अभिमानाने तो मिळाला नसता.

१९७२ पासून आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे. शेतकऱ्याने वेलीची जात आणि जमीन नोंदवावी, वैद्याने रुग्णाला झालेला अपाय न लपवता कळवावा, अभ्यासकाने दोन्ही तपासावे. परंपरेवर ज्याचा खरा विश्वास आहे, त्याला कसोटीचे भय कशाला? सोने आगीतून घालताना सोनाराचा हात थरथरत नाही.