हातचा राखून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. खेळाविषयी बोलायला मला बोलावलंय हे कळल्यावर आमच्या शिक्षक-खोलीत थोडा हशा झाला, आणि तो रास्तच होता. शाळेत असताना लिंबू-चमचा सोडला तर मी कुठल्याच शर्यतीत उतरले नव्हते. तरीही गेल्या हिवाळ्यातला एक शनिवार आणि एक रविवार मी कोल्हापूरच्या राजाराम तलावावर, ट्रायथलॉनच्या विभागीय अजिंक्यपद स्पर्धेत काढला. त्या दोन दिवसांचा हिशेब आज मांडते.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. पोहायचं, सायकल चालवायची आणि धावायचं. तिन्ही एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती नाही. घड्याळ पाण्यात उतरताना सुरू होतं आणि धावून अंतिम रेषा ओलांडली की थांबतं. या नावाची पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पंधरा जणांनी पहिली ‘आयर्नमॅन’ सुरू केली, त्यांतले बारा जण शेवटापर्यंत पोचले. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणं हे त्याचं प्रमाण अंतर. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा आपल्याकडे अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला. २०१९ मध्ये गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन झाली आणि सांगली-कोल्हापूरकरांना ही शर्यत एका रात्रीच्या प्रवासावर आली.

खरं तर या तिन्ही गोष्टी आपल्या भागाला नव्या नाहीत. तालमीतली पोरं पहाटे धावतातच. दूधवाले, पेपरवाले, गिरणीत जाणारे यांनी आयुष्यभर सायकल मारली. आणि पोहणं तर कृष्णाकाठच्या मुलांना पाठीवर भोपळा बांधून शिकवलं जायचं. आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पण यात ‘मुलांना’ हा शब्द नीट ऐका. आमच्या घरात दोन भाऊ आणि मी. भाऊ घाटावर पोहायला जायचे, मी त्यांचे कपडे सांभाळत पायऱ्यांवर बसायचे. सायकल मात्र मला मिळाली, कारण शाळा लांब होती. सायकल गरजेची होती, पोहणं मुलींच्या गरजेचं आहे असं कुणाला वाटलं नाही. घरच्यांचा यात दोष नव्हता, तशी रीतच होती. घाटावर माझ्यासारख्या आणखी बऱ्याच जणी कपडे सांभाळत बसलेल्या असायच्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्यांत बायका आणि मुलं जास्त होती. पुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही टिकेलच असं नाही. तिथे लाइफ जॅकेट आणि वेळेवर मिळालेली चांगली बोटच कामाची. पोहायला आलं असतं तर ती माणसं वाचली असती, असं म्हणण्याचा मला काहीही अधिकार नाही. पण ती बातमी वाचताना एक विचार मनात बसला तो उठेना. नदीकाठी जन्म गेला आणि गळाभर पाण्यात काय करायचं हे आपल्याला ठाऊक नाही.

नंतर कोरोना आला, तलाव बंद झाले. शेवटी २०२२ च्या उन्हाळ्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत काठाला धरून पाय मारायला शिकले. कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे सराव सगळा तलावातच. पहिल्या महिन्यात मला पोहणं आलं नाही, श्वास सोडणं आलं. नवशिक्या माणसाला वाटतं की पाण्यात श्वास घेता येत नाही म्हणून जीव घाबरतो. पुष्कळदा अडचण उलटी असते. आपण आत घेतलेला श्वास सोडतच नाही, मग नव्या हवेला जागा कुठली? पाण्यात तोंड असताना बुडबुडे सोडत राहायचं आणि तोंड वर आलं की हवा आपोआप आत येते. एवढं कळायला मला महिना लागला. दुसऱ्या महिन्यात पाठीवर तरंगायला शिकले. हे तरंगणं पुढे माझ्या कामाला आलं.

आता शनिवारची गोष्ट. सकाळी सहाला शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला वारा बोचरा होता आणि तलावावर धुक्याचा पातळ थर. दंडावर मार्करने क्रमांक लिहून झाला, घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधली. ट्रान्झिशन, म्हणजे बदलाच्या जागेत, सायकल स्टँडला लावली. तिच्याजवळ हेल्मेट, बूट आणि शेंगदाण्याची चिक्की अशी मांडामांड केली. या जागेचे नियम कडक असतात. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि ठरलेल्या रेषेपलीकडे गेल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही.

उघड्या पाण्यात तळाला पट्टा नसतो. समोरचा रंगीत फुगा पाहत दिशा धरावी लागते. त्यासाठी आमचे प्रशिक्षक सांगतात, “मगरीसारखे फक्त डोळे वर काढा.” सगळं डोकं वर काढलं की पाय बुडतात आणि दमछाक होते. पोहताना दम लागला तर जीवरक्षकांच्या होडीला धरून थांबता येतं, नियमाला ते चालतं. फक्त होडीच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. विश्रांती घ्या, पण तिच्यातून फायदा काढू नका, असा हा नियम. मला तो फार आवडतो.

पोहण्यासाठी मला छेचाळीस मिनिटं लागली. सायकलला एक तास अडतीस मिनिटं. कागलच्या दिशेने जाताना वारा समोरून होता, आणि आमच्या गटात पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला बंदी असते. मग धावणं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे होतात. दीड-पावणेदोन तास ते वाकलेल्या अंगाखाली गोल फिरत असतात, आणि एकाएकी त्यांना सरळ उभं राहून सगळा भार पेलायला सांगितलं जातं. पहिला किलोमीटर आपण धावतोय की दुसराच कुणी, हे समजत नाही. म्हणून सरावात सायकल झाली की लगेच थोडं धावायची सवय लावतात. धावायला मला एक तास बारा मिनिटं लागली.

माझा एकूण वेळ तीन तास त्रेचाळीस मिनिटं. श्रोत्यांपैकी कुणी मनात बेरीज केली असेल तर ती तीन तास छत्तीसच येते. उरलेली सात मिनिटं गेली टोपी काढण्यात, ओल्या पायांवर मोजे चढवण्यात आणि सायकल ठेवण्यात. या बदलालाच खेळाडू चौथा खेळ म्हणतात.

बेरीज शिकवताना मी मुलांना सांगते, हातचा विसरू नका. एककाच्या घरातला हातचा दशकाच्या घरात नेला नाही तर उत्तर चुकतं. ट्रायथलॉनचं गणित तसंच आहे. ज्याला पोहणं उत्तम येतं त्याने पाण्यात सगळा जोर लावला तर सायकलवर त्याच्याजवळ काही उरत नाही. सायकलवाल्याने चढावर मर्दुमकी गाजवली तर धावताना तो चालत येतो. नेटाच्या मेहनतीत दीड-दोन तासांत अंगातला साखरेचा साठा बराच उतरतो. म्हणून तहान लागायच्या आधी पाणी आणि भूक लागायच्या आधी चिक्की. आपल्याला जे चांगलं येतं त्यातही थोडा हातचा राखायचा.

पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या महिला गटात मी तिसरी आले. गटात आम्ही तिघीच होतो, त्यामुळे शेवटचा क्रमांकही माझाच. पदक मिळालं, फोटो निघाला. पण त्याच वयाच्या पुरुषांची रांग मंचासमोर लागली, ती वीसच्या वर होती. ही बेरीज काही जमेना. नवऱ्याला किंवा मुलाला पाहायला आलेल्या बायका कठड्यापाशी उभ्या होत्या, त्यांच्याशी मी बोलत बसले. एक जण पायी पंढरपूरला जाऊन आलेली, दुसरी रोज वीस किलोमीटर सायकलने कामाला जाणारी. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, “सायकल जमेल हो, पळायचंही बघू. पण पाण्याचं काय?” म्हणजे या बायका दमाने कमी नव्हत्या. त्यांना घाटाच्या पायऱ्यांवरच बसवून ठेवलं होतं.

रविवारी मिश्र रिले होती. एका संघात दोन पुरुष, दोन महिला. प्रत्येकाने छोटं ट्रायथलॉन करायचं, तीनशे मीटर पोहणं, सुमारे सात किलोमीटर सायकल, दोन किलोमीटर धावणं, आणि पुढच्याच्या हाताला हात लावून त्याला सोडायचं. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये टोकियोच्या वेळी, २०२१ मध्ये, आला. आमच्या संघात पहिले एक साखर कारखान्यातले फिटर, दुसरी मी, तिसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि शेवटी माझी एक जुनी विद्यार्थिनी. शाळेत तिचं गणित कच्चं होतं, पोहणं मात्र पक्कं.

शनिवारी माझा वेळ माझ्यापुरता होता. रविवारी माझं प्रत्येक मिनिट तिघांच्या डोक्यावर बसणार होतं. रात्री झोप लागली नाही ती पाय दुखत होते म्हणून नव्हे. फिटरमामांनी ते ओळखलं असावं. सुरुवातीआधी म्हणाले, “मॅडम, घाई करू नगा. तुमी फकस्त परत या.”

मामा तिसऱ्या क्रमांकाने आले, माझ्या हातावर टाळी बसली आणि मी पाण्यात शिरले. अंतर कमी, त्यामुळे सगळेच जोरात. पहिल्या फुग्याच्या वळणावर कुणाचा तरी पाय माझ्या चष्म्यावर बसला, नाकातोंडात पाणी गेलं आणि छाती आवळली. तेव्हा मी अंग सैल सोडलं, पाठीवर वळले आणि आभाळाकडे बघत दहा श्वास मोजले. बाजूने दोन-तीन जण निघून गेले. दहा झाल्यावर चष्मा नीट केला, वळले आणि पुढे निघाले. सायकलवर एकीला गाठलं, धावताना कुणालाच नाही. मी टाळी दिली तेव्हा आम्ही सातवे होतो.

आमच्या त्या मुलीने शेवटी दोघांना मागे टाकलं आणि संघ नऊ जणांत पाचवा आला. टॉवेल गुंडाळत ती म्हणाली, “बाई, तुम्ही पाठीवर गेलात ना, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, आता बाई बुडत नाहीत.” मी तिला विचारलं, तुला पोहायला कुणी शिकवलं? म्हणाली, आईने. आईला कुणी शिकवलं? तर आई लेकीला तलावावर सोडायला यायची, तिथेच दोघी एकदम शिकल्या. म्हणजे हातचा असा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. आपण राखलेलं आपल्याच शर्यतीत संपायला हवं असं नाही.

श्रोतेहो, दीड किलोमीटर पोहणं ही हौस आहे. ती सर्वांनी करावी असं मी म्हणणार नाही. पण पाण्यात पडल्यावर श्वास सोडता येणं, पाठीवर वळता येणं आणि मदत येईपर्यंत तरंगता येणं, एवढं तरी नदीकाठच्या प्रत्येक मुलीला, आणि तिच्या आईलाही, यायला हवं. त्याला महिना-दोन महिने पुरतात. जाणता शिकवणारा, उथळ तलाव आणि बायकांसाठी राखलेला एक तास, एवढीच सामग्री लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला पोहायला घालणार असाल तर त्याच्या बहिणीचं नावही त्याच अर्जावर लिहा. आणि कपडे सांभाळायला काठावर कुणाला बसवू नका. तलावांवर त्यासाठी खुंट्या असतात.