सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

मंडळी, शिरूरला घोडकाठी, दौंडला भीमेकाठी कितीतरी शेतं वाट्याने केली जातात. रात्री मोटर चालू करायला जातो वाटेकरी, पण पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जातात सातबाऱ्यावरच्या मालकाला. तो पुण्यात राहत असला तरी. (इन्कम टॅक्स भरत असेल तर बाद, हे खरं.) राज्याच्या 'नमो'चे आणखी ६,००० त्याच यादीवर. नवऱ्याच्या नावच्या रानात राबणाऱ्या बाईचंही तेच.

पीकविम्यात वाटेकऱ्याला जागा आहे, पण लेखी भाडेकरार हवा. तो देतो कोण? १९४८चा कूळ कायदा आजही मालकांच्या डोक्यात आहे. कागद दिला की कूळ लागेल, ही भीती. म्हणून सगळं तोंडी.

तुमच्या गावात कुणी असा करार लिहून दिलाय? व्हॉइस नोट पाठवा.