परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांचे मन



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने गतकालाचा गौरव करावा, अशी रीत आहे. व तो माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथायोग्य केलाही आहे. मजवर पालकांनी निराळा विषय सोपविला आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आपल्या कित्येक घरांतील मुलेमुली आज कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विद्यार्जनासाठी गेली आहेत. त्यांच्या खर्चाची चिंता आपण पुष्कळ वाहतो. त्यांच्या मनाची विचारपूस किती करतो, हा आजचा प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. १८८३ च्या एप्रिलात, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीस मागे ठेवून ती कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली व ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. एवढे आपल्या शाळेतील मुलांनाही पाठ असते. मधल्या तीन वर्षांत तिच्या जिवाने काय सोसले, ते मात्र आपण वाचीत नाही. कडाक्याची थंडी, अंगास न मानवणारे अन्नपाणी, वारंवारचे दुखणे. आणि त्यात भर पतीच्या पत्रांची. पत्नीस शिकविण्याची गोपाळरावांएवढी तळमळ त्या काळी क्वचितच कोणास असेल. तथापि त्यांची काही पत्रे इतकी टोचणारी असत की, दिवसभर शिकून थकलेल्या त्या मुलीस ती वाचणे हाच एक अभ्यास होऊन बसे.

तिला आधार मिळाला तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांचा. या बाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले, आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला, व ती अमेरिकेस पोहोचताच तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाल्यावर तिची रक्षा या मावशीकडेच पाठविण्यात आली व पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आली. परमुलखात एखादे घर आपले असणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

त्याच १८८३ साली दुसरी एक आनंदीबाई, आडनाव भगत, पंडिता रमाबाईंसोबत इंग्लंडात गेली. वाँटेज येथील मठवासिनी भगिनींच्या आश्रयास ती उतरली होती. निवारा होता, अन्न होते. आपणास बळाने ख्रिस्ती करतील, अशी भीती तिच्या मनाने घेतली होती असे सांगतात. थोड्याच महिन्यांत तिने स्वतःचा अंत करून घेतला. तिचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून मी ते या वेदीसमोर घेतो. त्या भगिनी प्रेमळ नव्हत्या असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु प्रेमळ माणसांच्या घरातही भेदरलेले मन एकटे पडू शकते, आणि आपण धर्मसेवकांनी हे विशेषच ध्यानी धरावे.

आपली मुले आपणास खरे का सांगत नाहीत? मला वाटते, लाजेने. ठाण्यास १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. किती दुःखितांस त्याने आसरा दिला! परंतु आपण त्याचे काय केले? तर ‘याला ठाण्याला पाठवा’ अशी थट्टा! ज्या घरात ही थट्टा चालते, त्या घरचा मुलगा टोरोंटोहून ‘मला झोप येत नाही, मला भीती वाटते’ असे फोनवर कसा बोलेल? शिवाय शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्याच्या डोळ्यांपुढे असते. आपण सकाळच्या लोकलसाठी डोंबिवलीच्या फलाटावर उभे असतो, तेव्हा तिकडे रात्र असते. बोलण्यास हीच वेळ बरी. पण त्या वेळी पहिला प्रश्न परीक्षेचा नसावा. जेवलास का, कोणाबरोबर जेवलास, हे आधी विचारावे. आणि ‘परत येऊ का?’ असे मुलाने विचारले, तर नातेवाईक काय म्हणतील याचा उच्चारही करू नये.

काही भाविक मला म्हणतात, ‘फादर, प्रार्थना केली की सारे ठीक होते.’ एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले. प्रार्थना अवश्य करावी, व डॉक्टरांकडेही न्यावे. ज्यांनी स्वतःचा अंत केला, त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये व त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. मनाच्या व्याधीने मनुष्याची जबाबदारी कमी होते, हेही तीच सांगते. तेव्हा अशा दुःखी घरांविषयी कुजबुज करणाऱ्यांनी ती आज थांबवावी.

विद्यापीठांत सल्लागार असतात. त्यांस भेटणे म्हणजे नाव खराब होणे नव्हे, हे जाण्यापूर्वीच मुलांस सांगावे. अमेरिकेत व कॅनडात संकटसमयी ९८८ हा क्रमांक आहे. आपल्याकडे १४४१६ वर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा रात्रंदिवस विनामूल्य चालते, व ती चिंताग्रस्त आईबापांसाठीही आहे.

ज्यांची मुले परदेशी आहेत अथवा जावयाची आहेत, त्यांनी मुलाचे गाव व महाविद्यालय एका चिठ्ठीवर लिहून ती मिस्सानंतर माझ्याकडे द्यावी. तेथील धर्मग्रामाच्या धर्मगुरूंस मी स्वतः पत्र लिहीन, व रविवारी जेवावयास बोलावणारे एखादे कुटुंब आहे काय, एवढेच विचारीन.