गळलेला काना

ही गोष्ट १९९४-९५ची. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. नोकरी नव्हती, कवितेच्या दोन वह्या तेवढ्या भरल्या होत्या. साक्षरता अभियानाचं वारं तेव्हा जोरात होतं. सोलापुरातल्या आमच्या वस्तीत बायकांचा रात्रीचा वर्ग चालवायला कुणीतरी हवं होतं. मोबदला काही नव्हता, तरी मी गेले.

वर्गात बारा-चौदा जणी. बहुतेक विड्या वळणाऱ्या. कुणी आमच्यातल्या, कुणी घरी तेलुगू बोलणाऱ्या, दोघीतिघी मराठी. पान गुंडाळताना त्यांची बोटं दिसायचीसुद्धा नाहीत, इतकी चपळ. पाटीवरची पेन्सिल हातात आली की तीच बोटं ताठ व्हायची.

१९९५च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक आली. मी ठरवलं, आज धडा मतदानावर. फळ्यावर ‘मत’ हा शब्द लिहिला आणि भाषणच ठोकलं. तुम्ही आता वाचायला शिकलात, म्हणजे आता तुम्ही खऱ्या मतदार होणार, वगैरे. त्या वयात असली वाक्यं तोंडातून सहज निघतात.

वर्गातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना आम्ही खाला म्हणायचो. त्या म्हणाल्या, “म्हंजे आजवर काय खोट्या मतदार व्हतो व्हय आमी?”

मग त्यांनीच धडा घेतला. पहिल्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं होतं. तेव्हा शिक्का नव्हताच म्हणाल्या. दरेकाची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. बैलजोडीची एक, दुसऱ्याची दुसरी. चित्र बघायचं आणि कागद आत सोडायचा. मला हे ठाऊक नव्हतं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात कलमं होती, पेट्या नव्हत्या. नंतर वाचलं, तर खाला तंतोतंत बरोबर. १९५१-५२ साली सतरा कोटींवर मतदार होते, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. चिन्हं त्यांच्यासाठीच आली. लोक शिकतील तेव्हा मत देऊ, असं आपल्या घटनेनं म्हटलं नाही.

इंग्रजांनी तसं म्हटलं होतं. १९२१ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट ठेवून. १९३५च्या कायद्यात आणखी दोन वाटा निघाल्या. अट पुरी करणाऱ्या नवऱ्याची बायको असलात तर, किंवा लिहितावाचता येत असेल तर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे स्त्री-पुरुष सगळ्या प्रौढांना मत मागितलं होतं. ते मिळायला घटना यावी लागली. विडी वळणाऱ्या बाईकडे मालमत्ता कुठली आणि पाटी कुठली! जुन्या कायद्यात खालांना जागाच नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला आणखी एक हकिगत सांगितली. पहिली मतदारयादी करताना बिहार, राजस्थान यांसारख्या भागांत लाखो बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असंच लिहून घ्या म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते चालू दिलं नाही. नाव नसेल तर यादीत जागा नाही. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणी अशा गळल्या. सेन यांचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्या २८ लाखांचं त्या दिवशी काय झालं असेल, हेही मनातून जात नाही.

वर्ग हसला. मराठी बायांपैकी एक म्हणाली, “आमी नवऱ्याचं नाव घेत न्हाई, त्या सोताचंच घेईनात!” मग फॉर्मवर नवऱ्याचं नाव सांगायची वेळ तिच्यावर आली, तेव्हा तिनं ते उखाण्यात घेतलं. मी लिहून घेतलं. दुसरीनं मला विचारलं, “बाई, आपलं नाव म्हंजे कुटलं लिवायचं? माहेरचं का सासरचं?”

एक तरुण मुलगी कोपऱ्यात बसायची. ती हळूच म्हणाली, “आत बरोबर कोण येतं?”

“कुणी नाही.”

“सासू?”

“नाही.”

“मालक?”

“तेही नाहीत.”

“आन बाहेर आल्यावर इचारलं तर?”

मत कुणाला दिलं हे कोर्टातसुद्धा सांगायला लावता येत नाही, असं १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो. मी ते सांगितलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. कोर्टात कोण विचारणार होतं तिला! खाला म्हणाल्या, “सांगायचं, तुमी म्हनला तसंच मारला शिक्का.” सगळ्या हसल्या. ती मुलगी हसली नाही. पाटीवर तिनं ‘मत’ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पुढं तिनं काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

मतदानाच्या चार दिवस आधी एका पक्षाची पोरं घरोघर चिठ्ठ्या वाटून गेली. यादीतला क्रमांक आणि नाव. खाला चिठ्ठी घेऊन माझ्या दारात. “ह्ये मी न्हाई.” पाहिलं तर नावाचा शेवटचा काना गळलेला. आमच्यात काना गेला की बाईचा बुवा होतो. सलीमाचा सलीम, जमीलाचा जमील. किती निवडणुका हे असंच छापून येत होतं कुणास ठाऊक. त्यांना ते वाचता आलं ते आत्ता.

आम्ही दोघी कचेरीत गेलो. दुसऱ्या टेबलाकडे, तिथून पुन्हा पहिल्याकडे. आता निवडणूक झाल्यावर बघू, असं उत्तर मिळालं.

मतदानाच्या दिवशी बायकांच्या रांगेत मी त्यांच्या मागे होते. टेबलावरच्या साहेबांनी सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. खालांनी पेन मागितलं. एकेक अक्षर काढत सही केली. रांग कुरकुरायला लागली. शेवटचा काना त्यांनी चांगला लांब ओढला.

साहेबांनी यादीकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं. “आजी, यादीत काना नाही.”

“मग तुमी द्या,” खाला म्हणाल्या आणि शाई लावायला डाव्या हाताचं बोट पुढे केलं.