घरी परतल्यानंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी आमच्या घरातील दोन चुका सांगण्यास उभी आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाई पापड लाटीत असता एकाएकी डोके धरून बसल्या. "अगं, डोक्यात घण घातल्यासारखे झाले," एवढेच बोलल्या. ओकारी झाली, मान ताठली. आम्ही सुंठ उगाळून लावली नि त्यांना निजवले. आपल्या वडखळ नाक्यावरून मुंबईची वाहने रात्रभर धावत असतात; पण आम्ही सकाळची वाट पाहिली! ही पहिली चूक. मुंबईस नेल्यावर कळले, मेंदूतील रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला होता. तो पुन्हा फुटण्याचे भय पहिल्या २४ तासांतच सर्वांत अधिक असते. दैव बलवत्तर, म्हणून ती रात्र निभावली.

डॉक्टरांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. हा उपाय अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली प्रथम केला. आता जांघेतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तारही भरतात. २००२ साली २१४३ रोग्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षभराने चिमटा लावलेल्यांपैकी शंभरांत सुमारे ३१, तर तार भरलेल्यांपैकी सुमारे २४ जण दगावले तरी होते किंवा परावलंबी तरी झाले होते. बाकीचे आपल्या पायांवर उभे राहिले.

जाऊबाईही चालत घरी आल्या. जखम भरली, केस वाढले. आम्हांला वाटले, संपले दुखणे. पण त्या आमटीत मीठ दोनदा घालीत, दुपारी गळून जात, मुलांच्या गलक्याने रडू लागत. "अलीकडे यांना कामच नको," असे मी बोलून गेले. ते त्यांनी ऐकले. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, विसर, थकवा, उदासी ही त्या दुखण्याचीच शेपटी. काहींना ती वर्षानुवर्षे पुरते. मी जाऊबाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मलाही वाटू लागले होते, मी आळशीच झाले."

भगिनींनो, ही दुसरी चूक मला अधिक बोचते.

म्हणून दोनच विनंत्या. असे अचानक, कधी न अनुभवलेले डोके दुखले तर घरगुती औषधात वेळ घालवू नका; १०८ ला फोन करा. आणि अशा आजारातून कोणी परतले, तर काम थोडे द्या, विसावा पुष्कळ द्या, आठवणीसाठी वही द्या.

जाऊबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या अनुमतीनेच हे बोलले. आता मीठ घातले की त्या वहीत खूण करतात. आणि मी विसरले, तर मला विचारतात!