जात्यापाशी



जातं म्हटलं की आपल्याला पीठ आठवतं. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जात्यानं आणखी एक काम केलं. न विचारता उजवल्या गेलेल्या पोरींना त्यानं बोलायला जागा दिली.

स्थळ, देणंघेणं, तिथी, सगळं वडीलधाऱ्यांत ठरे. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय निदान १४ हवं असं सांगितलं, तरी गावोगाव त्याआधीच बोहल्यावर चढवत. मग परकं घर. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. पहाटेचं दळण मात्र सुनांच्याच वाट्याला.

अंधारात पदर खोचून ती बसे. समोर जाऊ नाहीतर नणंद, खुंट्याला दोघींचे हात. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणतो. ती सुचे, कारण दिवसभरात मोकळं बोलण्याची हीच काय ती वेळ. घरघर चालू असली तरी सासूच्या कानावर शब्द पडायचेच. म्हणून गाऱ्हाणं सरळ मांडायचं नाही. माहेरच्या बयेला हाक मारायची, नाहीतर सीतेचं सांगायचं. या ओव्यांतली कैकेयी खाष्ट सासू असते, आणि सीता आपला सासुरवास गावोगावच्या बायांना थोडाथोडा वाटून देते. केवढी मोठी कल्पना ही! जाच भोगणाऱ्या पोरीला थेट सीतेची वाटेकरीण केलं, आणि तेही शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी. त्याच तोंडानं त्या कुंकवाचं कौतुकही गात, आणि न्यायला येणाऱ्या भावाचं तर फारच. दोन्ही खरंच होतं. आणि कान देऊन ऐकणारी सासूही कधीकाळी सून म्हणून याच जात्याशी बसलेली.

पुढं पिठाची गिरणी आली. हात सुटले, बरंच झालं. पण पहाटेची ती बैठकही गेली.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. सासरी जिला अमक्याची सून, तमक्याची आई म्हणत, तिचं स्वतःचं नाव, गावासकट, त्यांनी ओवीपाशी नोंदवलं. मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

२०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर यांतल्या कितीतरी ओव्या वाचता-ऐकता येतात. घरातल्या किंवा शेजारच्या आजीला जवळ बसवून ऐका. पुढची ओवी तिला येत असेल. ती तिच्या नावानिशी लिहून घ्या.