तिकिटावाचूनचे राजकारण



निवृत्त झालेला एखादा वकील वा अधिकारी राजकारणाकडे वळला, की आपण प्रथम विचारतो, ‘तिकीट कोणत्या पक्षाचे?’ तिकिटावाचूनही राजकारण असते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. आणि त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे.

विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म १९०९ साली सासवडचा. विलायतेत ते बॅरिस्टर झाले, पुण्यात वकिली केली, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस झाले. सत्तेच्या शर्यतीत पक्ष पुढे जातो आणि सामान्य मनुष्य मागे राहतो, अशा विचाराने १९४८ साली हा पक्ष आपण होऊन विसर्जित झाला. १९५७ ते १९६९ ही वर्षे तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

साठीच्या उंबरठ्यावर न्यायासन सोडले, तेव्हा स्वस्थ बसावयास कोणाची हरकत होती? पण ते दिल्लीस जाऊन सर्वोच्च न्यायालयात उभे राहू लागले. १९७४ साली जयप्रकाश नारायणांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था काढली, तीत ते अग्रभागी होते. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणावे, अशी तिची शिफारस होती. ती सुधारणा १९८९ साली अमलात आली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. हजारो लोक चौकशीवाचून तुरुंगात गेले. ‘आम्हांस का धरले?’ एवढे तरी न्यायालयात विचारता येईल की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उद्या एखाद्यास बेकायदा ठार मारले तर काय, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले. आणीबाणी आहे तोवर इलाज नाही, असेच सरकारी वकिलांचे उत्तर! स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. एप्रिल १९७६ मध्ये निकाल विरुद्ध गेला. पाचांपैकी एकट्या खन्नांनी वेगळे मत दिले.

हरलेला वकील सहसा घरी जातो. तारकुंड्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणीबाणी चालू असतानाच, जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरविला. ते पाहावयास तारकुंडे नव्हते; २००४ साली त्यांचे निधन झाले होते.

त्यांनी नवी विद्या शिकली नाही. जन्मभर जो कायदा जाणला, तोच लोकांच्या कामी लावला. भीमाकाठच्या गावांतही निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी आहेत, फौजेतून आलेले जवान आहेत. मतदारयादी तपासणे, ग्रामसभेत जमाखर्च वाचून प्रश्न विचारणे, बोलावयास भिणाऱ्याचा अर्ज लिहून देणे, ही कामे त्यांच्या हातची आहेत. येत्या ग्रामसभेस त्यांनी पुढच्या रांगेत बसावे, अशी आमची विनंती आहे.